टॅटूईनच्या भिंतीला लोणा

सांगलीतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला 2005 च्या पुरात लोणा लागला. गिलावा तीनदा खरवडून नव्यानं केला. 2019 ला पुन्हा पाणी आलं, आणि आता अण्णा म्हणतात, "राहू दे ती तशीच, तिची सवय झाली." मी बांधकामावरचा माणूस. परगावी गेलो की देवळाआधी त्याचा गिलावा बघतो. गेल्या नोव्हेंबरात मात्र आठवडाभर ज्या भिंती बघत हिंडलो त्या एका सिनेमाच्या होत्या.

सिनेमा 'स्टार वॉर्स'. 1994 च्या मे महिन्यात भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. घरात नारळीकरांची पुस्तकं असायची. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली, आणि तरीही बक्षीस मिळवलं, ही हकिगत अण्णा आम्हाला पुराणातल्या गोष्टीसारखी सांगायचे. अशा माणसासमोर पडद्यावर अवकाशात स्फोट झाला आणि त्याचा आवाजही आला. "पोकळीत आवाज कुठून आला?" हा पहिला प्रश्न. पुढे तो यानवाला गडी बढाई मारतो की अमुक शर्यत मी बारा पार्सेकच्या आत मारली. अण्णा उठलेच. "पार्सेक हे अंतराचं एकक आहे. सव्वातीन प्रकाशवर्षं. हा त्यानं वेळ मोजतोय!"

ते गेले, मी राहिलो. कारण त्याआधी एक प्रसंग येऊन गेला होता. टॅटूईन नावाच्या ओसाड ग्रहावरचा एक पोरगा, लूक, घराबाहेर येतो, उंचवट्यावर एक पाय ठेवून उभा राहतो, समोर दोन सूर्य मावळतात. बाकी काही घडत नाही. ते घर, तो उंचवटा आणि निदान एक सूर्य तरी ट्युनिशियातला आहे, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

बरोबर भाची होती. वय वीस, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ती कॉस्प्ले करते, म्हणजे सिनेमातल्या पात्रांचे पोशाख स्वतः शिवून मुंबईच्या कॉमिक कॉनला घालून जाते. जेडाय म्हणजे सिनेमातले योद्धे, त्यांचा टोपीचा झगा तिनं आजोळच्या घोंगडीचा शिवला. त्या गर्दीत घामानं निथळली, पण मेंढीच्या लोकरीचा तो खरा काळा रंग दुसऱ्या कुणाकडंच नव्हता. ती घोंगडी तिनं ट्युनिशियालाही आणली. तीन किलो, हातातल्या सामानात.

दिवस पहिला, ट्युनिस

थेट विमान नाही. मधे बदलावं लागतं, आणि त्या बदलात माझी बॅग मागं राहिली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. तोवर घोंगडी होती, हे मान्य केलं पाहिजे.

संध्याकाळी जुन्या शहराच्या कडेला लब्लाबी खाल्ली. खोल वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे आपणच कुस्करायचे, दुकानदार त्यावर उकडलेले हरभरे आणि कढत पाणी ओततो, जिरेपूड, ऑलिव्ह तेल आणि हरिसा म्हणजे तिथला मिरचीचा ठेचा. मटकीऐवजी हरभरा घातलेली मिसळच म्हणा, फक्त पाव आधीच बुडालेला. हरिसा 'बरशा' हवा का, असं त्यानं विचारलं. बरशा म्हणजे पुष्कळ. आमच्या 'बरंचसं'शी इतका जवळचा शब्द की भाचीनं पुढं आठवडाभर दुसरा वापरलाच नाही.

दिवस दुसरा, तोझरचा रस्ता

लुआज म्हणजे तिथलं वडाप. पांढरी गाडी, लांबच्या पल्ल्याची असेल तर तांबडा पट्टा, आणि आठ माणसं भरली की निघणार. वेळापत्रक नाही. तोझर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आधी ऑलिव्हच्या रांगा, मग काटेरी निवडुंगाची कुंपणं, मग नुसती माती.

या सगळ्या वेळात आमचं जुनं भांडण झालं. ती 1999 पासूनच्या भागांवर वाढली, मी 1977 च्या. तिचं म्हणणं, माझ्या सिनेमात लुटुपुटूची काठी फिरवतात आणि रोबोट डबा दिसतो. माझं म्हणणं, तो डबाच दिसायला हवा. त्याच्यावर ओरखडे आहेत, तेलाचे डाग आहेत, कुणीतरी तो सेकंडहँड विकत घेतो आणि घेताना घासाघीस करतो. त्याआधीच्या सिनेमांतली यानं दवाखान्यासारखी चकचकीत असायची. इथं पहिल्यांदा भविष्य वापरलेलं दिसलं. "मामा, ते भविष्य नाहीये, फार फार पूर्वीची गोष्ट आहे," ती म्हणाली. त्यावर मला उत्तर नव्हतं, कारण सिनेमाचं पहिलंच वाक्य तिच्या बाजूनं आहे.

तोझरला पोचलो तेव्हा खजुराची काढणी चालू होती. 'देग्लेत नूर' नावाचा, उजेडाकडं धरला तर आतली बी दिसते असा. झाडावर चढलेला माणूस घड दोरीनं खाली सोडतो, खाली दुसरा अलगद धरतो. इथल्या जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीत पिवळ्या विटा मागंपुढं बसवून नक्षी काढतात, रंगाशिवाय, नुसत्या सावलीची. त्यापुढं मी इतका वेळ उभा राहिलो की भाची हॉटेल शोधून, चावी घेऊन परत आली.

दिवस तिसरा, वाळू आणि मीठ

सकाळी गाडी करून निघालो, ओंग जमालकडं. ओंग जमाल म्हणजे उंटाची मान. तसा एक खडक आहे, आणि त्याच्यापुढं टेकाडांमध्ये मॉस एस्पा, 1999 च्या भागासाठी वसवलेलं अख्खं गाव. घुमट, कमानी, गल्ल्या, छपरांवर अँटेना, चौकात हवेतला ओलावा शोषणारे उंच खांब. भाचीनं गाडी थांबायच्या आत दार उघडलं.

मी पहिल्या भिंतीवर बोटानं टकटक केली. पोकळ. लाकडाचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर पातळ गिलावा. मागून पाहिलं की घर संपलेलंच. काही ठिकाणी पोपडा पडून जाळी उघडी, तिच्यातून वारा शिट्टी घालतो. एका घुमटाच्या सावलीत खजूर विकणारा बसलेला, दुसऱ्याच्या दारात एक पोरगं वाळवंटी कोल्ह्याचं पिल्लू दोरीला बांधून फोटोचे पैसे मागत होतं. तिकडं मी पाठ केली. त्या पिल्लाचे कान त्याच्या तोंडापेक्षा मोठे होते आणि भर उन्हात ते थरथरत होतं.

"अशा साइटवर मी सही केली नसती," मी म्हणालो.

"मामा, हे राहायला बांधलंच नव्हतं. वीस मिनिटं खरं दिसायला बांधलं होतं. आणि पंचवीस वर्षांहून जास्त उभं आहे. तुझ्या किती साइट अशा आहेत?"

घोंगडी अंगावर घेऊन ती गल्लीतून चालत गेली. वाऱ्यानं टोपी मागं पडली, तिनं ती न बघता हातानं ओढून घेतली. मी फोटो काढायचे विसरलो, त्यावरून पुढं दोन दिवस ऐकून घेतलं.

पण मॉस एस्पात मला सगळ्यात आवडली ती त्याच्यामागची टेकडी. तिला बारखान म्हणतात, चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी, दोन्ही टोकं वारा जाईल त्या दिशेला. वारा पाठीवरून कण चढवतो, माथ्यावरून ते पुढं घसरतात, आणि अशी कणाकणानं अख्खी टेकडी चालते. ही टेकडी वर्षाला सुमारे 15 मीटर चालते. 2013 मध्ये काही शास्त्रज्ञांनी यावर शोधनिबंधच लिहिला. त्यांच्यातले राल्फ लॉरेन्झ हे शनीच्या टायटन या चंद्रावरच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे. टेकडी किती सरकली हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं तर शेजारी न हलणारी खूण लागते, आणि उघड्या वाळवंटात अशी खूण सहसा नसते. इथं होती. सिनेमावाल्यांनी बांधलेली खोटी घरं. म्हणजे खोट्या ग्रहावरच्या घरांवरून खऱ्या वाळूची चाल मोजली, आणि मोजणारा माणूस दुसऱ्या एका खऱ्या जगातल्या वाळूवर काम करणारा. हे मी तिथूनच अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हां. हे बरोबर आहे." अण्णांकडून 'स्टार वॉर्स'ला मिळालेले हे पहिले मार्क.

टेकडीनं गिळलेलं घर पुढं उघडं पडतं, कारण टेकडी थांबत नाही, निघून जाते. पण वाळूच्या वजनानं तोवर छप्पर बसलेलं असतं.

दुपारनंतर नेफ्त्याच्या पुढं, चोट एल जेरीदच्या काठाला. चोट म्हणजे मिठाचं तळं, हजारो चौरस किलोमीटरचं, बहुतेक वर्षभर कोरडं. सपाटी इतकी की लांबून येणारा माणूस आधी पाण्यावर तरंगताना दिसतो, मग त्याला पाय फुटतात. चित्रीकरणाचा पहिला दिवस होता 22 मार्च 1976, आणि तो याच भागात. त्या दिवसात जे जे बिघडायचं ते बिघडलं. डबा-रोबोट रिमोटवर धड चालेना. सोनेरी रोबोटच्या पोशाखातल्या नटानं पहिलीच पावलं टाकली आणि पायावरचा तुकडा फुटून त्याच्याच पावलात घुसला. मग वादळ आलं आणि सेटची वाट लावून गेलं. 1997 च्या उन्हाळ्यात मॉस एस्पा उभारलं तेव्हाही वादळ आलं, तेव्हा दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी म्हणे शुभशकुनच मानला. कंत्राटदारानं काय मानलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आमचा चालक मुख्य रस्ता सोडून मिठावरून निघाला. एका जागी खपली फुटली, खाली चिखल, मागचं चाक बसलं. तिघांनी पंधरा मिनिटं ढकललं. पायजम्याच्या घोट्यापर्यंत जे राखाडी लागलं ते वाळल्यावर पांढरं झालं.

आणि मग ते घर दिसलं. एवढंसं. ओसाडीत एक पांढरा घुमट, गाडीच्या गॅरेजएवढाही नाही, एक दार, आणि भोवती मातीचे दोन-तीन बांध. 1976 चा घुमट केव्हाच गेला. हा 2000 साली, नव्या भागाच्या चित्रीकरणासाठी पुन्हा बांधलेला. तोही मोडकळीला आला तेव्हा 2012 मध्ये परदेशातल्या चाहत्यांनी आपसांत वर्गणी काढली, सुट्टी टाकून इथं आले आणि स्वतः थापी घेऊन घुमटाला गिलावा केला. ना त्यांची जमीन, ना त्यांचा देश, ना त्यांचा सिनेमा.

मी जवळ जाऊन बघितलं. तळापासून गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे. बोट लावलं तर पीठ पडलं. जिभेला लावलं. खारट. खालची ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं, मीठ आत राहतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. आमच्या मागच्या भिंतीचीच गोष्ट. टॅटूईनला लोणा लागला होता.

"सिमेंट मारून उपयोग नाही, चुन्याचा करायला हवा, श्वास घेणारा," मी कुणालाही नाही असं म्हणालो. भाचीनं खाली पडलेला एक तुकडा उचलला होता. मी नुसतं बघितलं. तिनं तो होता तिथं ठेवला. आलेल्या प्रत्येकानं एकेक खिशात घातला तर लोणाही लागायला नको.

सव्वापाचला सूर्य खाली आला. बांधावर एक पाय ठेवून उभं राहायचं की नाही यावर मी तीस वर्षं विचार केला होता. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. भाची म्हणाली, "ठेव रे, कोण बघतंय?" ठेवला. मीठ आधी पिवळं, मग गुलाबी, मग जांभळं. दुसरा सूर्य नव्हता, तो नंतर फिल्मवर चढवला होता. दोन सूर्यांचा ग्रह ही नुसती हौस होती तेव्हा. 2011 मध्ये केप्लर दुर्बिणीला तसा एक खरा सापडला, सुमारे 245 प्रकाशवर्षांवर. केप्लर-16बी. पण तो शनीएवढा थंड वायूचा गोळा, पाय ठेवायला बांध नाही.

चालकानं टोपीचा जाड झगा चढवला. थंडी झपकन पडते. मागून बघितलं तर तो सिनेमातलाच म्हातारा जेडाय, आणि त्याच्या शेजारी घोंगडीतली भाची. मग लक्षात आलं की हा काही त्यानं सिनेमातून घेतलेला नाही.

दिवस चौथा

सकाळी सीदी बूहलेलची घळ. एका अवलियाची पांढरी कबर आणि तिच्यामागं कोरडा ओढा. बुटकी भंगारवाली माणसं रोबोटला याच घळीत पकडतात, आणि 1981 च्या पहिल्या 'इंडियाना जोन्स'मध्ये नायक खांद्यावर रॉकेट घेऊन याच कड्यावर उभा राहतो. दोन्ही जागा हाकेच्या अंतरावर. आम्ही दोघांशिवाय तिथं शेळ्या होत्या.

मग चोट ओलांडून पूर्वेकडं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंच्या चरांत साचलेलं पाणी एकीकडं गुलाबी, दुसरीकडं हिरवट. सिनेमात पोरगा त्या पांढऱ्या घुमटाच्या दारातून आत जातो आणि पुढच्या क्षणी खाली अंगणात जेवायला बसतो. तो घुमट नेफ्त्याला आणि ते अंगण मत्माताला. त्या एका दारातून आत जायला आम्हाला एक रात्र आणि दोनशेवर किलोमीटर लागले.

दिवस पाचवा, मत्माता

मत्माताला लांबून गाव दिसत नाही. टेकड्या, ताडाची चार झाडं, आणि मधेच जमीन नाही. कड्यावर जाऊन वाकलं की खाली सहा-सात मीटरवर गोल अंगण, त्यात वाळत घातलेले कपडे, कोंबड्या, आणि भिंतीत चहूबाजूंनी खोल्यांची तोंडं. इथल्या अमाझिग म्हणजे बर्बर लोकांनी मऊ, पण उभी कापली तरी न ढासळणारी माती ओळखली आणि घर वर बांधण्याऐवजी खाली कोरलं. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार. लांबच्या शत्रूला दिसत नाही. विटा नाहीत, गिलावा नाही, नुसती चुन्याची सफेदी.

सीदी द्रिस हे हॉटेल म्हणजे अशी पाच अंगणं, बोगद्यांनी जोडलेली. लूकचं घर हे. आम्ही रात्र तिथंच काढली. जेवणाच्या कोनाड्याच्या छतावर सिनेमावाल्यांनी काढलेली नक्षी अजून आहे, दारांभोवती 2000 साली लावलेल्या यंत्रांच्या खोट्या पट्ट्या आहेत. भाचीला त्या कोनाड्यात बसून निळं दूध प्यायचं होतं, सिनेमात पितात तसं. पुदिन्याच्या चहावर भागवलं.

पण मला रात्रभर वेगळंच काही आठवत होतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल गेलेले, तोंडाशी अरुंद आणि आत घागरीसारखे फुगलेले खड्डे. तिथली माती अशी की ओल लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. लहानपणी अण्णांनी एकदा नेलं होतं. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, आतली हवा बदलू द्यायची, मगच माणूस उतरायचा. मी कडेला पालथा पडून आत बघत होतो आणि मला वाटत होतं की इथं कुणीतरी राहत असेल. 2005 च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि त्यातली बहुतेक गेली. मत्मातालाही हेच झालेलं. 1969 मध्ये दिवसचे दिवस पाऊस लागला, ज्या मातीवर सगळा भरवसा होता तीच विरघळली, घरं बसली. त्यानंतर कितीतरी कुटुंबं खालच्या नव्या मत्मातात, सिमेंटच्या घरांत गेली.

सकाळी एका घरात एका आजींनी बोलावलं. अंगणात जातं. खुंटा लाकडी, आपल्यासारखाच उभा, बाजूला सुपात बार्ली. भाची समोर बसली आणि दोघी दळू लागल्या. आजींनी गरम भाकरी, ऑलिव्ह तेल आणि मध पुढं केला. मग त्यांचं लक्ष घोंगडीकडं गेलं. चिमटीत धरून चुरली, उलटी करून वीण बघितली, नाकाला लावली. घरात जाऊन नवऱ्याचा झगा घेऊन आल्या आणि दोन्ही शेजारी टाकले. त्यांचा तपकिरी, आमची काळी. त्यांचा मऊ, आमची बोचरी. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण विषय पूर्णपणे लोकरीचा होता हे मला कळत होतं. शेवटी आजींनी घोंगडीचं एक टोक दुमडून भाचीच्या डोक्यावर घातलं, अगदी पावसात धनगर खोळ करतो तशी. भाचीनं शिवलेली टोपी बाजूलाच लोंबत राहिली.

दुपारी टेकड्यांत पायी गेलो. ओढ्यात एकाखाली एक मातीचे बांध घातलेले. इथं त्यांना जेसूर म्हणतात. पाऊस वर्षाला 200 मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे माणदेशाच्या निम्म्याहून कमी, आणि तोही चारदोन सरींत. त्या सरीबरोबर माती वाहून येते, बांधामागं अडते, वर्षानुवर्षं साठून तिचं शेत होतं. त्या शेतात ऑलिव्ह, अंजीर, एखादी ताडाची रांग. बांधाच्या कडेला दगडी सांडवा, जादा पाणी खालच्या बांधाला द्यायला. सांडव्याची पायरी अशी बसवलेली की पाण्याचा मार पायाला लागू नये. मी वाकून वाकून बघत होतो.

सिनेमात लूकचा काका 'ओलावा शेतकरी' असतो. हवेतून पाणी काढून विकतो, आणि पोराला विमान चालवायला जायचं असतं तर म्हणतो, हंगाम होऊ दे, मग जा. लहानपणी मला ते उगाच घातलेलं वाटायचं. इथं बांधावर बसून मला त्या काकाचा पहिल्यांदाच राग आला नाही. आमच्याकडं अशा काकांची कमतरता नाही. पोरगं पुण्याला निघालेलं असतं, आणि हे म्हणत असतात, द्राक्षाची छाटणी होऊ दे.

दिवस सहावा, तातुईन

ल्यूकस यांनी ग्रहाचं नाव घेतलं ते या गावावरून. त्यापलीकडं तातुईनचा सिनेमाशी फारसा संबंध नाही. फ्रेंचांच्या काळी इथं सैनिकांसाठी शिक्षेची छावणी होती, फ्रेंचमध्ये 'तातुईनला जाणं' म्हणजे जगाच्या टोकाला जाणं. सिनेमातही तो ग्रह कुणाला नकोसाच असतो. पाटीखाली फोटो काढला, सुकामेवा भरून मधात बुडवलेली त्रिकोणी 'हरणाची शिंगं' खाल्ली आणि निघालो.

क्सार म्हणजे धान्याची गढी. चौकाभोवती कमानदार छताच्या अरुंद खोल्या, एकीवर एक, तीन-चार मजले. प्रत्येक खोली एका कुटुंबाचं बळद. क्सार उलाद सोल्तान सगळ्यांत देखणा. तिथल्या पोस्टकार्डांवर 'स्टार वॉर्स' छापलेलं असतं, पण चित्रीकरण तिथं झालं नव्हतं. ते झालं क्सार हदादाला, 1999 च्या भागातली गुलामांची वस्ती ती. हदादाचे जिने बाहेरून, उंच-सखल, कुठंच दोन पायऱ्या सारख्या नाहीत. कमान कशी घालत, ते राखणदारानं हातवाऱ्यांनी दाखवलं. दोन भिंती उभ्या करायच्या, मधे मातीनं भरलेली पोती रचायची, वर गवताची चटई घालायची, तिच्यावर दगड आणि जिप्समचा गारा. सुकलं की पोती काढून घ्यायची. सेंट्रिंग पोत्यांचं! आत मान वळवून पाहिलं तर छताच्या गिलाव्यात चटईची वीण उमटलेली, आणि एका ठिकाणी हाताचा पंजा.

भाचीनं आपला पंजा त्यावर धरला. बराच मोठा पडला.

"मामा, एक कबूल करते. हे मॉस एस्पापेक्षा भारी आहे. पण मॉस एस्पा नसतं तर मी इथं आले नसते."

हे मला कबूल करावं लागलं. मीही नसतो आलो.

दिवस सातवा, जेर्बा

जेर्बा हे बेट. जोर्फहून फेरी सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत थेट अजीमला लागते. अजीम म्हणजे सिनेमातला मॉस आयझली, चोर-लुटारूंचं बंदर. प्रत्यक्षात मासे, सायकली, आणि दुपारचं सामसूम. ज्या गुत्त्याच्या दारात सगळी आकाशगंगा भेटते ते एका कडेचं पडकं, घुमटाचं लहान घर. पूर्वी बेकरी होती म्हणतात. एक बाजू ढासळलेली, आत कचरा. आम्ही दोन मिनिटं थांबलो. अकरा वर्षांचा मी तिथं तासभर थांबला असता.

जेर्बाला 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलं ते तिथल्या विखुरलेल्या वस्तीसाठी. गोडं पाणी इथं जवळजवळ नाहीच, म्हणून प्रत्येक जुन्या घराचं आणि मशिदीचं छप्पर उतरतं, पांढरं धुतलेलं, आणि त्यावरचं पाणी पन्हळीनं खाली टाकीत जातं. टाकीला माजेल म्हणतात. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणातच एक होती, तोंडावर दगडी कडं, दोरीनं घासून खाचा पडलेलं. ओलावा शेतकरी खरे कुठं असतील तर ते या घरांत.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. दोन सूर्य दिसले का, वगैरे चिडवून झालं. मग मी टाकीचं सांगितलं. छपराचा उतार, पन्हळ, चुन्याची सफेदी. पलीकडं शांतता.

"पहिल्या पावसाचं पाणी आत घेतात?"

"का?"

"का म्हणजे? वर्षभराची धूळ, पक्ष्यांची घाण. पहिली सर सोडून देत असणार. कशी सोडतात? पन्हळीला बोळा लावतात की टाकीला झाकण? आणि गाळतात कशानं?"

मला माहीत नव्हतं. एवढं सगळं बघून तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

"आठवडाभर तिथं काय करत होतास मग?" अण्णा म्हणाले.

भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला. "आजोबा, ठेवू नका हं. त्या मालकीणबाई मागं भाजी चिरत बसल्यात. मी विचारून येते." आणि ती गेली, घोंगडीचं टोक फरशीवरून ओढत.